चव आणि परवाना

वाशीमच्या एका वाईन शॉपात मी वाईन मागितली, तेव्हा काउंटरमागच्या माणसाने मला आधी नीट पाहून घेतलं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. कानाला मफलर गुंडाळलेली गिऱ्हाइकं दोन्ही बाजूंनी हात पुढे करून उभी होती आणि प्रत्येकाचं मागणं एका शब्दात आटपत होतं. कुणी ब्रँडचं नाव घेई, कुणी नुसतं ‘कॉटर’ म्हणे. माझ्या मागणीने ती लय मोडली.

“वाईन हाये ना भाऊ. कोनती देऊ? रम, व्हिस्की?”

“नाही, वाईन. द्राक्षाची.”

“थे व्हय?” तो जरा ओशाळला. “थे नाही ठेवत. मांगच्या साली ठेवल्या होत्या दोन बाटल्या. उन्हाळा लागला अन् खराब झाल्या. कोनी घेतच नाही.”

रम आणि व्हिस्की विकणाऱ्या दुकानाला आपण वाईन शॉप म्हणतो. दारूचं दुकान म्हणायला जीभ कचरते, म्हणून पाटीवर वाईन लिहायची आणि गल्ल्यासाठी बाकीचं ठेवायचं. पाटीवरचा हा एक शब्द सोडला तर गावात वाईनचं अस्तित्व नाही. माझ्या शेजारच्या गिऱ्हाइकाला त्याची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत मिळाली. वाशीमात काळी पिशवी दिसली की आत काय आहे ते शाळकरी पोरही सांगतं, तरी ती लागतेच. पिशवी घेऊन तो माणूस इतक्या घाईने निघाला की सुटे पैसे परत घ्यायचे राहिले. पुढच्या दहा मिनिटांत ती बाटली कुठल्यातरी आडोशाला रिकामी होणार होती. लपवून प्यायचं म्हटलं की भराभर प्यावं लागतं, आणि भराभर प्यायलेल्याची चव कळत नाही.

मला वाईन हवी होती ती काकांच्या शेतातल्या हुरड्यासाठी. पुण्याहून निघताना नाशिकची एक शिराझ घेतली होती, आणि एका ब्रुअरीतून मोठ्या काचेच्या बाटलीत भरून दिलेली ताजी गव्हाची बिअर. सोबतीला एक पांढरी वाईन असावी एवढीच हौस होती. ती राहिली.

दुकानदाराच्या दोन बाटल्या उन्हाळ्याने मारल्या, हे मात्र मनात घर करून बसलं. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं जाणकार सांगतात, पण त्यांच्या बोलण्यातली खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची असते, सोळा ते अठरा अंशांची. वऱ्हाडातली मे महिन्यातली खोली त्यांच्या स्वप्नातही आली नसेल. तिथे पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि बाटलीतली वाईन उकडलेल्या फळासारखी होते. आपल्याकडे ती युरोपियन खोली वर्षातून दीड-दोन महिने उघडते, मार्गशीर्ष-पौषात, आणि तिला भिंती नसतात. रात्री आठनंतर शेतातल्या बाजेवर बाटली ठेवली की काम झालं. बिअरचंही तसंच आहे. फ्रिजमधून काढलेल्या बर्फगार बिअरने जीभ बधिर होते, मग ती बिअर कोणतीही असली तरी फरक कळत नाही. मोठ्या कंपन्यांना ते सोयीचंच आहे. क्राफ्ट बिअरवाले सांगतात, जरा उबेला येऊ द्या, मग वास उमलतो. वाशीमच्या पौषातल्या रात्रीला हे कुणी सांगावं लागत नाही.

गंमत अशी की हाच काळ आपल्याकडे न पिण्याचा. मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, दत्तजयंती आहे. पौष शुद्ध द्वितीयेला नृसिंहसरस्वतींची जयंती येते, आणि कारंजा हे त्यांचं जन्मस्थान तर आपल्याच जिल्ह्यातलं. पोहरादेवीला ज्यांची गादी मानतात त्या संत सेवालाल महाराजांनी व्यसन सोडा म्हणून सांगितलं, आणि गाडगेबाबा, तुकडोजी महाराज वऱ्हाडातल्या गावोगावी तेच सांगत फिरले. इथल्या कितीतरी घरांत नवं वर्ष उजाडतं ते शेगावच्या रांगेत. दुसरीकडे ‘थर्टी फर्स्ट’ही असतोच, ढाब्यांवर आणि शेतांवर. पण त्यात चव घेण्याचा प्रश्न येत नाही. बारा वाजायच्या आत पार होणं हे त्याचं एकमेव शास्त्र.

नाशिककडे याच दिवसांत वेलीवर मणी रंग धरत असतात. युरोपात द्राक्षं शरदात काढतात. आपल्याकडे बागायतदार वेलीला दोनदा कात्री लावतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी. त्यामुळे वाईनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. ‘गोडी छाटणी’ हा शब्द मला फार आवडतो. वेल कापतात आणि नाव गोडीचं देतात. महाराष्ट्रातली आजची वाईन ऐंशीच्या दशकात नारायणगावला सुरू झाली. तिथली फेसाळती वाईन ओमर खय्याम नावाने परदेशी गेली. 2000 साली राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाईन नाशिकहून बाजारात आली, 2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि वायनरी वाढल्या. क्राफ्ट बिअर त्यामानाने कालची. 2009 साली पुण्यात डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली. हा सगळा इतिहास पुणे-नाशिकचा, पश्चिमेचा. वाशीमचा त्यात संबंध काय, असं कुणीही विचारेल.

संबंध आहे, आणि तो फार जुना आहे.

1939 साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. तो वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, इसवीच्या चौथ्या शतकातला. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, त्या शाखेची राजधानी. या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. मोठेपणा एका भाषेत आणि काम दुसऱ्या भाषेत, ही खोड तेव्हापासूनची. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला कशाकशातून सूट आहे याची यादी येते. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात ती सविस्तर वाचायला मिळते. गावात शिपाई शिरणार नाहीत, गाई-बैल नेले जाणार नाहीत, फुलं नि दूध मागितलं जाणार नाही. चराई, कातडी, कोळसा, वेठबिगार यांतूनही माफी. आणि याच यादीत एका समासात दोन वस्तू शेजारी बसल्या आहेत, लवण आणि क्लिन्न. क्लिन्न म्हणजे शब्दशः ओलं, भिजलेलं. अभ्यासकांनी त्याचा अर्थ भिजवून आंबवलेलं, म्हणजे मद्य, असा लावला आहे. या दोहोंच्या खरेदी-विक्रीवर राजाचा हक्क होता, आणि दानाच्या गावापुरता तो सोडला जाई.

मीठ आणि दारू एका दमात उच्चारणाऱ्या त्या अनाम कारकुनाबद्दल मला कुतूहल वाटतं. दोन्ही वस्तू जिभेच्या. एकीवाचून जेवण होत नाही, दुसरीवाचून होतं, पण सत्तेच्या लेखी दोन्ही सारख्याच, कारण दोन्हींवर माणूस पैसा मोजतोच. पुढे पंधराशे वर्षांनी, 1930 साली, वऱ्हाडाने अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढलं आणि इंग्रजांचा कायदा मोडला. त्याच वर्षी देशभर बायका दारूच्या दुकानांसमोर निरोधनाला बसल्या होत्या. समास तोच, लवण आणि क्लिन्न. पैकी मीठ सुटलं. दारू राजाकडून आबकारीकडे गेली, आबकारीकडून राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, आणि अजून तिथेच आहे.

1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. कायद्याने दारू बंद आहे आणि आपण परवान्याने पितो. म्हणून तर बारवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. एका दिवसाचा परवाना मिळतो, देशीचा 2 रुपयांत, विदेशीचा 5 रुपयांत. आजन्म परवान्याचे 1000 रुपये. कायदा नवा होता तेव्हा आरोग्याच्या कारणावरून परवाना काढावा लागे, आणि गुजरातेत ‘हेल्थ परमिट’ अजून चालतं. म्हणजे आपल्याकडे प्यायची कारणं दोनच, औषध किंवा अपवाद. आवडतं म्हणून, चव चांगली आहे म्हणून, असा रकाना त्या अर्जात नसावा. निदान मला तो कुठे दिसला नाही.

जुन्या ग्रंथांत तो होता. कौटिल्य काही रंगेल माणूस नव्हता. ‘अर्थशास्त्रा’त त्याने सुराध्यक्ष नावाचा अधिकारी नेमून दारूचं पुरतं सरकारीकरण केलं. पण त्याच प्रकरणात तो पानगृहात निरनिराळ्या खोल्या, आसनं, फुलं, सुगंध आणि ऋतूनुसार सुखद सोयी असाव्यात असं सांगतो. मद्याच्या प्रकारांच्या कृती देतो. द्राक्षाच्या मद्याला मधु म्हणतात आणि ते कापिशायन नि हारहूरक, म्हणजे वायव्येकडच्या प्रदेशांच्या नावांनी ओळखलं जातं, अशी नोंद करतो. बाटलीवर गावाचं नाव छापण्याची फ्रेंचांची रीत आपण फार अपूर्वाईने सांगतो, तिचा हा पूर्वज. उत्सव, समाज, यात्रा अशा वेळी चार दिवस लोकांना मद्य करायला मोकळीक द्यावी, असंही तिथे आहे. सुट्टीतल्या पिण्याला शास्त्राधार हवाच असेल त्याने हा घ्यावा.

‘कामसूत्र’कार वात्स्यायनाला वत्सगुल्म ठाऊक होतं, तिथल्या चालीरीतींचा त्याने उल्लेख केला आहे. त्याचा नागरक, म्हणजे शहरातला शौकीन, मित्रांच्या घरी आपानकाला, म्हणजे मद्याच्या बैठकीला, बसतो तेव्हा मधु, मैरेय, सुरा, आसव यांच्याबरोबर खारट, कडू, तिखट, आंबट तोंडीलावणी असतात, फळं आणि हिरव्या भाज्या असतात. त्याला शब्द आहे उपदंश, सोबत चावायचं ते. आपला चखणा. पण आपल्या शब्दात चाखणं आहे, आणि ते दारूला न लावता शेंगदाण्याला लावलंय, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मराठीत दारू पितात, घेतात, टाकतात, लावतात, ढोसतात, झोकतात, ‘मारतात’ सुद्धा. चाखतात तो फक्त चखणा.

एरवी चाखण्याच्या बाबतीत ही भाषा गरीब नाही. संस्कृतातले सहा रस आपल्याकडे आले. येताना एकाने जागा बदलली. संस्कृतातला कटु म्हणजे झणझणीत, मिरचीसारखा, मराठीत तो कडू झाला. तिक्त म्हणजे खरा कडू, तो मराठीच्या कोशातच राहिला, आणि कटूच्या रिकाम्या जागी तिखट आलं. कषायाचं तुरट झालं. जांभूळ, आवळा, कवठ, हिरडा, कच्चं केळं, सुपारी यांची तुरट चव एकसारखी नसते हे आपल्या लेकरांनाही कळतं. वाईनच्या टॅनिनबद्दल परदेशी पुस्तकांत पानंच्या पानं असतात. वाशीमच्या शाळेबाहेर आवळे खाल्लेल्या माणसाला त्यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं.

आणि एक मोठी गोष्ट. आपल्या काव्यशास्त्राने कवितेच्या सुखासाठी शब्द उचलले ते स्वयंपाकघरातून. भरताने रस समजावताना जेवणाऱ्याचं उदाहरण घेतलं. निरनिराळ्या पदार्थांनी सिद्ध केलेलं अन्न खाताना प्रसन्न माणूस जसे रस आस्वादतो, तसा प्रेक्षक भाव आस्वादतो. अभिनवगुप्ताने त्या क्रियेला चर्वणा म्हटलं, म्हणजे चावणं, घोळवणं. पानकाचा दृष्टांतही त्याने दिला. गूळ, मिरी, आंबट असं सगळं एकात मिसळलं की जी चव येते ती घटकांपैकी एकाचीही नसते. या शास्त्राचं एक लग्न वाशीमला लागलेलं आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कथा सांगितली आहे. काव्यपुरुष रुसून निघतो, साहित्यविद्या त्याच्या मागे देशोदेशी हिंडते, आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, जे कामदेवाचं क्रीडास्थान, तिथे दोघांचा गांधर्व विवाह होतो. ज्या गावाला आस्वादाच्या शास्त्राने लग्नासाठी निवडलं त्याच गावात आज आपण काळ्या पिशवीतून... असो. वाशीमच्या पद्मतीर्थाच्या काठी उभं राहून असल्या विचारांनी हळवं व्हायला होतं, पण तिथला चहावाला लगेच भानावर आणतो.

संध्याकाळी शेतात गेलो. रात्री तिथेच मुक्काम करायचं ठरलं होतं, गाडीची किल्ली काकूंच्या ताब्यात. काकांनी सगळं रान सोयाबीन आणि तुरीला दिलंय, सगळ्या जिल्ह्यासारखं. पण धुऱ्याकडची चार तासं ते दरवर्षी ज्वारीची पेरतात, वाणीची, फक्त हुरड्यासाठी. गोवऱ्यांची आगटी पेटली. काकांनी एक कणीस हातात घेतलं आणि नखाने एक दाणा दाबला. पांढरा थेंब आला. “हे चाललं,” म्हणाले. दुसऱ्या कणसातून नुसतं पाणी आलं, ते बाजूला ठेवलं. तिसऱ्याचा दाणा दबलाच नाही, “याची आता भाकरच.” सालदार निखाऱ्यात कणसं खुपसत होता. त्याची बायको भाजलेलं कणीस गोणपाटात घेऊन तळहाताने असं चोळी की दाणे खाली आणि बोंडूक हातात. मग सुपात धरून एक फुंकर. गरम दाणे, तिळाची चटणी, गुळाचा खडा, दही.

तो पांढरा थेंब म्हणजे सगळा मामला. कोवळ्या दाण्यात साखर असते. दाणा पिकत जातो तशी ती साखर पिठात, स्टार्चमध्ये कोंडली जाते, पुढच्या पिढीच्या रोपासाठी. हुरडा ही कुलूप लागायच्या आधीची आठ-दहा दिवसांची सवड आहे. आणि बिअर करणारा करतो काय? पिकलेला, कुलूपबंद दाणा भिजवतो, त्याला मोड आणतो. मोड येताना दाणा स्वतःच किल्ली तयार करतो आणि पिठाची पुन्हा साखर व्हायची सोय लावतो. मोड आलेला दाणा वाळवला की त्याला माल्ट म्हणतात. मग तो भरडून, गरम पाण्यात धरून ती साखर सोडवून घ्यायची. आपल्या आज्या नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करायच्या ते तंत्र हेच. म्हणजे बिअर ही पिकलेल्या धान्याला मागे, हुरड्याच्या दिवसांत न्यायची खटपट आहे. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग हुरडाच खावा ना सरळ.”

ज्वारीची बिअर होत नाही असं नाही. ज्वारी मूळची आफ्रिकेची, आणि तिकडे तिची बिअरही करतात. बुर्किना फासोत बायका ज्वारीला मोड आणून डोलो करतात, तो कॅलबॅशच्या भांड्यातून पितात. नायजेरियाने 1988 साली बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या बड्या ब्रुअऱ्या मुकाट ज्वारीकडे वळल्या. आपल्याकडे ज्वारी आंबते ती आंबिलीत. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला वऱ्हाडात आंबील लागतेच. भिजवणं, आंबवणं देवीला चालतं, फक्त एका पायरीपुढे जायचं नाही.

गव्हाची बिअर उघडली. गढूळ, पिवळसर, वर जाड फेस. काकांनी पेला नाकाशी नेला आणि थांबले.

“यात केळं टाकलं हाये.”

“नाही काका.”

“शिकरणाचा वास येते ना. लवंग बी हाये.”

त्यात केळंही नव्हतं आणि लवंगही. त्या जातीचं यीस्ट आंबवता आंबवता तेच द्रव्य तयार करतं जे पिकल्या केळ्यात असतं, आणि दुसरं एक, लवंगेच्या वासाच्या जवळचं. पुण्यात मी हे दहा जणांना समजावून सांगितलंय, तेव्हा कुठे त्यांना तो वास येतो. काकांनी न सांगता ओळखला. आयुष्यभर खळ्यावर धान्य हुंगून त्याची ओल सांगणारं नाक. “म्हंजे खमीर खोटं बोलते,” असं म्हणून त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, आणि पेला खाली ठेवून पुन्हा हुरड्याकडे वळले. नंतरचा घोट पंधरा मिनिटांनी. चव घेऊन प्यावं कसं, याचा धडा मी शहरात पैसे मोजून घेतला होता.

मग मी शिराझ काढली. आगटीच्या उजेडात बाटली चमकली आणि सालदाराची बायको उठली. हात झटकले, पदर सावरला, पोराला हाक मारली. काकू म्हणाल्या, “अवं बस ना, दारू नोहे थे. वाईन होय. अंगुराची.”

“असंन बाई. पन बाटली तर बाटलीच हाये नं.”

ती पोराला घेऊन खोपडीकडे गेली. सालदार निखारे सारखे करत राहिला, त्याने वर पाहिलं नाही. काकूंनी नंतर हळूच सांगितलं ते इथे लिहीत नाही. वऱ्हाडात ते कुणालाही सांगावं लागत नाही.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर आपल्या राज्यात बायकांना मतदान करता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं की दुकान उठतं. जगात वाईनच्या बाटल्या चांगल्या मुराव्यात म्हणून आडव्या ठेवतात. इथे आडव्या बाटलीचा अर्थ वेगळा. आणि त्या अर्थासमोर माझं सगळं पांडित्य, कापिशायन नि चर्वणा, जरा पातळ पडतं हे कबूल करायला हवं. 2007 च्या सुमारास सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन दिलं, पावसात काळी पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल असं सांगितलं, आणि डॉ. अभय बंगांसारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. 2022 च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, शेतकऱ्याचं हित म्हणून. त्यावर अण्णा हजारे उपोषणाला निघाले आणि तो निर्णय कागदावरच राहिला. त्या वादात मी वाईनच्या बाजूने होतो. वाईन म्हणजे दारू नव्हे, असं तावातावाने बोललोही असेन. तेच वाक्य आगटीपाशी काकूंच्या तोंडून आलं, तेव्हा किती पोकळ वाजलं. त्या बाईच्या हिशेबात द्राक्षाची जात, ओकचं पिंप, सोळा अंश यांना जागा नाही. तिने पाहिलेल्या बाटल्यांत चवीला वेळच उरत नसे.

तरी मला अजून वाटतं की लपवण्याने तिचं भलं झालेलं नाही. काळ्या पिशवीतली दारू कुणी चार माणसांत बसून, खात-पीत, पेला खाली ठेवून पीत नाही. पण हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही, आणि व्हायला नको होती.

शिराझ प्यायलो ती आम्ही दोघंच. काका म्हणाले, तुरट आहे, जांभळासारखी, आणि मागून मिरी लागते. मिरी खरंच असते, म्हणजे मिरीतलं वासाचं द्रव्य शिराझच्या सालीत असतं. त्यांना दुसरा पेला नको होता. आगटी विझत आली, तुरीच्या पलीकडे कोल्हे ओरडायला लागले, आणि अर्धी बाटली तशीच राहिली.

सकाळी काकूंनी ती हातात घेतली, बूच काढून वास घेतला. पुन्हा घेतला.

“हे तर द्राक्षासव होय ना रे.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी घरातली कहाणी सांगितली. प्रत्येक बाळंतपणात दशमूलारिष्ट, अशक्तपणाला द्राक्षासव, पोटाला कुमारी आसव. दोन चमचे, तेवढंच पाणी, जेवल्यावर. ही अरिष्टं-आसवं धायटीची फुलं घालून आंबवलेली असतात आणि त्यांच्यात आपोआप उतरलेला मद्यार्क शेकडा 5 ते 10 पर्यंत असतो, म्हणजे बिअरहून थोडा जास्तच. हे मी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक असावं, असा मला त्यांच्या चेहऱ्यावरून संशय आला.

संक्रांतीला पुन्हा गेलो तेव्हा फडताळात दशमूलारिष्टाची जुनी बाटली दिसली, प्लॅस्टिकच्या मापाच्या झाकणासकट. आत काळपट लाल काहीतरी तळाशी दोन बोटं उरलेलं. विचारलं तर काकू तिळाचे लाडू वळता वळता म्हणाल्या, “तुही थेच. शेजारच्या म्हातारीले खोकला झाला होता. रोज दोन चमचे देल्ले कोमट पान्यात. लय गुन आला म्हने. अजून हाये का तुह्यापाशी?”